चमकीवाला जपानी बुढा

कोणाच्या घरात देव कोणत्या भिंतीवर आहे आणि सासरा कोणत्या भिंतीवर, हे मी त्या घराची पायरी न चढता सांगू शकतो. वणीच्या बाजाररस्त्यावर आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. आधी ते अब्बांचं होतं, मग दोघांचं झालं, आणि आता माझं म्हणावं तर अब्बा अजून स्टुलावर बसलेले असतात, त्यामुळे तसं म्हणायची सोय नाही. गावातलं लग्न, मयत, पोरीचा दहावीचा पहिला नंबर, खाणीतल्या बाबूचा निरोपसमारंभ, सगळं शेवटी आमच्याकडे येतं. लोक म्हणतात, हबीबभाई, तुमचा धंदा सोपा, चार काड्या आणि एक काच. असं म्हणणाऱ्याच्या हातात मी काच देतो आणि म्हणतो, काप. मग तो आपलं बोट तोंडात घालून घरी जातो.

राजेहो, धंदा असा आहे. लाकडी पट्टी लांबलचक येते, ती कोपऱ्यावर तिरपी कापायची. दोन तिरपे काप एकमेकांना भिडले पाहिजेत. जरा चुकलं की कोपऱ्यात फट पडते, आणि गिऱ्हाईकाला मग चित्र दिसत नाही, फटच दिसते. काच कापायची हिऱ्यानं. हिरा म्हणजे अंगठीतला नव्हे, पेनासारखी दांडी आणि तिच्या टोकाला बारीक कण. काचेवर एकच रेघ ओढायची, चर्र आवाज आला की समजायचं बरोबर लागली. मग टेबलाच्या कडेवर ठेवून काच मोडायची. चित्र पुठ्ठ्यावर चिकटवायचं मैद्याच्या खळीनं, तिच्यात मोरचूद घातलेलं, नाहीतर किडे चित्राची मेजवानी करतात. आणि वणी पडली कोळशाची. इथं धूळ काचेच्या बाहेर बसते तशी आतही बसते. पांढऱ्या साडीतली आजी दोन वर्षांत काळ्या साडीत दिसायला लागते. म्हणून आम्ही मागून खाकी कागद चहूबाजूंनी चिकटवून घेतो. त्यात कंजुषी केली तर पुढची दिवाळी गिऱ्हाईकाच्या शिव्या खाण्यात जाते.

गिऱ्हाईकांचे नमुने सांगायला बसलो तर हा अंक पुरायचा नाही. एकदा पांढरकवड्याकडचा एक ट्रकमालक आला. त्याचा पहिला ट्रक भंगारात गेला होता. तो नंबर प्लेट घेऊन आला आणि म्हणाला, हिची फ्रेम करा, वरून हार लटकवायला खिळा ठेवा. मी केली. आणखी एक जावईबापू लग्नाचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "भाई, पट्टी जरा रुंद लावा, कडेचा मानूस झाकला पाह्यजे." कडेचा माणूस म्हणजे त्यांचा सासरा. पट्टी अर्धं बोट चित्र खातेच, मी एक बोट खाल्लं. पुढच्या वर्षी तेच जावईबापू त्याच फ्रेमसकट हजर. "भाई, सासरा बाहेर काढा." सासऱ्यानं मोटारसायकल घेऊन दिली होती म्हणे.

पण आमच्या दुकानाची खरी ओळख चमकी. देवाच्या तसबिरीवर चमकी, टिकल्या आणि जर लावायचं काम अब्बा करत. लक्ष्मीच्या काठाला जर, गणपतीच्या मुकुटाला लाल चमकी, मक्का-मदिनेच्या दाराला सोनेरी. अब्बांचा कायदा होता की देवाची किंवा वलीची, म्हणजे आमच्या साधुसंताची, तसबीर आपल्या दुकानातून उघडीबोडकी जाणार नाही. गिऱ्हाईकानं सांगितलं नसलं तरी एक टिकली तरी लागणारच. "देवाच्या घरी जाऊन राह्यली न," ते म्हणायचे, "मंग नटून जाऊ दे तिले." दुकानात अब्बा वऱ्हाडीच बोलतात. ते हिंदीत गेले की समजायचं, पारा चढला.

तर मागच्या वर्षी, नवरात्र जवळ आलं तेव्हाची गोष्ट. अब्बा नव्वदीला टेकलेले. जन्माची तारीख कोणाला ठाऊक नाही, पण मी सत्तरीला आलो, त्यावरून हिशेब करा. एक दिवस काच मोडताना त्यांचा हात थरथरला आणि तळवा चिरला. रक्त पाहून माझं डोकं फिरलं. मी त्यांचा हिरा कुलपात ठेवला आणि भर दुकानात सांगून टाकलं, "अब्बा, आता बस. काचेले हात लावाचा नाई. तुमी फक्त बसाचं."

अब्बा फक्त बसले. पण त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. दुकानात रोज यायचे, स्टुलावर बसायचे, सगळ्या जगाशी बोलायचे, माझ्याशी नाही. मला काही सांगायचं असलं की गिऱ्हाईकाला मध्ये घालायचे. "बाई, तुमच्या या दुकानदाराले सांगा, चहा थंडा होऊन राह्यला." मी शेजारीच उभा! ती बाई बिचारी माझ्याकडे वळून सांगायची, चहा थंड होतोय म्हणे. मीही कमी नाही. मीही तिच्याकडूनच निरोप द्यायचो, "त्याईले सांगा, दिसते मले." एकदा एक बँकेतले साहेब आमच्या दोघांच्या मध्ये उभे राहून एवढे निरोप पोचवते झाले की शेवटी आपला फोटो घ्यायचं विसरून गेले.

हसायला येतं, पण घरी मला झोप लागत नव्हती. अब्बांची अर्धी भाकरी ताटात राहायला लागली. माझी बायको शमीम म्हणाली, "बुढा मानूस एकदा खाटेले चिकटला की उठत नाई. तुमी त्याईचा हिरा नाई घेतला, त्याईचं उठाचं कारन घेतलं." मला ते पटलं होतं. पण चिरलेला तळवाही मीच पाहिला होता. हिरा द्यावा तरी भीती, न द्यावा तरी भीती, अशी माझी पंचाईत होऊन बसली.

अशात एक दिवस शांताबाई आल्या. राजूरच्या अलीकडे त्यांचं वावर आहे, कापूस आणि तूर. बाई एकट्याच असतात आणि तोंडाच्या भलत्या तिखट. त्यांची एकुलती एक रोहिणी जपानमध्ये, ओसाकाला नोकरीला. शांताबाईंनी काउंटरवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं बाड ठेवलं आणि म्हणाल्या, "हबीबभाई, पोरगी तिकडं बसली, आन मले धाडले हे. आईबापाची सेवा करनारे पोट्टे. कागदाचे."

"आई, मला ऐकू येतंय," त्यांच्या हातातल्या फोनमधून आवाज आला. व्हिडिओ कॉल चालू होता.

"आयकाले येते मनूनच बोलून राह्यली न मी!"

लुगडं उलगडलं आणि मी आधी हात पुसले. एवढ्या वर्षांत हातातून हजारो चित्रं गेली, असलं एकही नाही. चार चित्रं. कागद जाड पण मऊ, कापसाच्या पेळूसारखा. निळा रंग असा की आभाळ धुवून वाळत घातलंय. रोहिणीनं समजावून सांगितलं. जपानमध्ये चित्रकार चित्र काढायचा, दुसरा कारागीर ते लाकडाच्या फळीवर कोरायचा, आणि प्रत्येक रंगाची वेगळी फळी. आपल्याकडे कापडावर ठप्पे मारतात तसं एकावर एक छापत जायचं, हातानं घासून. फळीच्या कोपऱ्यात खाच असते, कागद तिथंच टेकवायचा, म्हणजे रंग रेघेबाहेर सांडत नाही. कागद झाडाच्या सालीचा. आणि गोष्टी आईबापाची सेवा करणाऱ्या लेकरांच्या, मूळच्या चीनच्या, तिकडे घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या.

स्टुलावर अब्बा कागद घ्यायला हात पुढे करत नव्हते, पण मान केव्हाच पुढे आली होती.

पहिलं चित्र एका पोराचं. अंगात काही नाही, उघडा बसलाय. "हा गरीब होता, मच्छरदाणी नव्हती," रोहिणी म्हणाली. "म्हणून रात्री उघडा बसायचा. डास त्याला चावले की आईबापाला चावणार नाहीत."

"वणीत बसला असता तं सकाळी बसलेल्या जागी नुस्ती चड्डी भेटली असती," शांताबाई म्हणाल्या.

दुसऱ्या चित्रात एक पोरगा बर्फावर आडवा पडलेला. आईला मासा खायची इच्छा झाली आणि नदी गोठलेली, म्हणून हा अंगाच्या गरमीनं बर्फ वितळवतोय. तिसऱ्यात बर्फात बांबूचे कोंब शोधणारा. आईला बांबूच्या कोंबांचं सूप पाहिजे होतं, तेही भर हिवाळ्यात.

"या आयाईले बिनमोसमाचंच काहून पाह्यजे असते?" मी म्हटलं.

"मले पाह्यजे होतं काय कधी?" शांताबाई फोनकडे पाहून म्हणाल्या. "मी तं फक्त म्हनलं, दिवाळीले ये."

"येतेय ना आई! तिकीट काढलंय, कितीदा सांगू?"

चौथं चित्र पाहिलं आणि मी फिस्सकन हसलो. एक म्हातारा, पांढरी दाढी, आणि अंगात फुलाफुलांचा झगा. हातात खेळणं, शेजारी पाण्याची बादली कलंडलेली, आणि बुवा जमिनीवर फतकल मारून लेकरासारखा भोकाड पसरतोय. मागं त्याहून म्हातारे नवरा-बायको बसलेले.

"हा कोन येडा?"

"हा सत्तर वर्षांचा मुलगा आहे, काका," रोहिणी म्हणाली. "त्याचे आईवडील अजून जिवंत आहेत. आपण फार म्हातारे झालो असं त्यांना वाटू नये म्हणून तो लहान मुलांचे कपडे घालून त्यांच्यासमोर खेळायचा, मुद्दाम पाणी सांडून पडायचा आणि रडायचा. ते हसायचे." तिनं त्याचं नावही सांगितलं होतं, पण ते माझ्या जिभेवर काही बसलं नाही.

दुकानात जे कोणी होते ते सगळे हसले. सत्तर वर्षांचा मुलगा! शांताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग स्टुलाकडे पाहिलं, आणि पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. अब्बा तेवढे हसले नाहीत. ते त्या चित्राकडे पाहत बसले होते.

मग रोहिणीनं मला ताकीद दिली. चित्र चिकटवायचं नाही. कापायचं नाही. काच चित्राला टेकू द्यायची नाही, मध्ये पट्टी ठेवायची. वरून फक्त दोन पातळ कागदी पट्ट्यांवर लटकवायचं. "काका, जुनी आहेत ही. एका म्हाताऱ्याच्या दुकानात सापडली. पुन्हा मिळायची नाहीत. आईच्या घरी मी नसते तेव्हा ही असतील, म्हणून घेतली." शेवटचं वाक्य ती हळू बोलली. शांताबाईंनी तेवढ्यात फोनचं तोंड छताकडे केलं आणि डोळे पुसले.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "बेटा, अल्ला कसम, एक ठिपका इकडचा तिकडं होनार नाई."

शुक्रवारी मी जुम्म्याच्या नमाजला गेलो. अब्बा पाय दुखतात म्हणून दुकानातच थांबले. परत आलो तर अब्बा माझ्या टेबलाशी, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यावर भिंग, आणि हातात चिमटा. टेबलावर चौथं चित्र. त्या नाचऱ्या बुढ्याच्या झग्यावर प्रत्येक फुलाच्या मधोमध एक बारीक सोनेरी टिकली. खेळण्याला लाल चमकी. काठाला जर लावायची तयारी चालू होती, दोरा मोजून कापून ठेवलेला.

तौबा! मी काय काय ओरडलो ते इथं छापू नये. "अब्बा, हे काय करून ठेवलं! पोरीचं चित्र बरबाद केलं! तुमाले सांगतलं होतं न, नुस्तं बसा मनून!" रस्त्यावरचे लोक थांबले. समोरचा कापडवाला गज हातात घेऊन दारात आला.

अब्बांनी चिमटा खाली ठेवला. चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला. टोपी डोक्यावर घेतली आणि काठी टेकत घरी गेले. मध्यस्थाकरवीसुद्धा एक शब्द बोलले नाहीत.

मी एक टिकली काढून पाहिली. तिच्यासोबत रंगाचा पापुद्रा यायला लागला, तशी पुन्हा दाबून बसवली. खळ अब्बांची होती. ती सुटत नाही, म्हणून तर गावात तिचं नाव. रोहिणीला व्हिडिओ कॉल लावला. चित्र दाखवलं.  मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, मी एवढं सांगितलं होतं," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी अब्बा दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. पडवीत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. शमीमनं चहा नेला, परत आणला. खिचडी नेली, दोन घास. मी जाऊन बसलो, "अब्बा, चूक झाली, मी वरडलो," म्हटलं. भिंतीला जास्त कान असतील. नवरात्रात दुकानासमोर रांग लागली होती आणि जो तो विचारत होता, बुढे बाबा कुठी गेले?  शमीमचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. खाटेले चिकटला की उठत नाई.

शेवटी मी शमीमला म्हटलं, तू विचार त्यांना, का लावली चमकी? तिनं विचारलं. उत्तर भिंतीकडे तोंड करूनच आलं, पण मी दाराआड उभा राहून ऐकलं.

"सत्तर वर्साचा पोरगा बापाले हासवाले नाचते. असा मानूस बिना चमकीचा जाऊ द्याचा काय आपल्या दुकानातून? मंग चमकी लावाची कोनाले?"

माझ्या डोळ्यांसमोर ते स्टूल आलं, ती पुढे आलेली मान आली. दुकानाचा कायदा आठवला. त्यांच्या हिशेबानं तो बुढा वलीच होता. मला रडू आलं, ते मी उपरण्यात पुसलं आणि दुकानात येऊन रोहिणीला पुन्हा फोन लावला. अब्बांचं वाक्य जसंच्या तसं तिला सांगितलं. तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "राहू द्या काका. काढू नका. पण अब्बा कुठं आहेत? मला त्यांच्याशी बोलायचंय."

"भितीकडं तोंड करून पडले हायेत. जेवत नाईत."

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. शांताबाई केव्हा दुकानात आल्या होत्या कोण जाणे. "मंग सोपं हाये," बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सत्तरीचा तू, नव्वदीचा बाप. गोस्ट पोरीनं समजून सांगतली, चित्र समोर हाये. बुढ्यावर वरडला न? नाच आता!"

"बाई, लोक काय म्हनतीन!"

"लोकाईनं वरडनं आयकलं न? मंग नाचनंही पाहू दे."

राजेहो, माझं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं, हे पुढचं वाचताना ध्यानात ठेवा. मी हातगाडीवरून एक खुळखुळा घेतला. घरी गेलो. लहान लेकराचे कपडे मला येणार कुठून? शमीमचा फुलाफुलांचा गाऊन दोरीवर वाळत होता. तो चढवला. डोक्यावर नातवाचं लाल टोपरं, ते टाळूवर कसंबसं टिकलं. आरशात पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बाहेर निघालोच नसतो. शमीमनं पाहिलं आणि तिच्या हातातलं कणकेचं ताट खाली पडलं.

पडवीत जाऊन खाटेसमोर मी खुळखुळा वाजवला आणि नाचायला लागलो. तोंडाला जे आलं ते गायलो, त्यात अर्थ शोधू नका. एक पाय वर, मग दुसरा, मग गिरकी. कुंपणावर शेजाऱ्यांची डोकी उगवली. शांताबाई मागोमाग आल्याच होत्या, फोन उंच धरून, आणि फोनमध्ये ओसाकातून रोहिणी ओरडत होती, "काका, हात वर! हात वर!" माझा दम लागला. अब्बा हलले नाहीत. नुसती पाठ. कुंपणावरचे हसून हसून लोळायला आले आणि जिच्यासाठी चाललं होतं ती पाठ तशीच.

मग मला बादली आठवली. हौदावरून बादली भरली, अगदी काठोकाठ, आणि डौलात चालत आलो. बेत असा होता की चित्रातल्यासारखं हलकेच, सांभाळून, नाटकी पडायचं. पण शमीमचा गाऊन माझ्यापेक्षा लांब. पायाखाली आला, आणि पडवीची फरशी गुळगुळीत. मी खरोखरचा पडलो. धाडकन्. बादली उडाली, अर्धं पाणी माझ्यावर, अर्धं खाटेवर, आणि कमरेत अशी कळ आली की मी नाटकाबिटकाचं विसरून "अम्माऽऽ" म्हणून बोंब ठोकली.

"अंधा है क्या रे!"

अब्बा उठून बसले होते. नुसते बसले नाहीत, खाटेवरून पाय खाली टाकून, एक हात पुढे करून माझ्याकडे वाकले होते, टोपीतून पाणी गळत होतं. "इतना बडा बकेट लेके कोई चलता है? कमर टूट जाती तो? हड्डी जुडती है क्या इस उमर में?"

हिंदी! आणि थेट माझ्याशी! मध्ये ना बाई, ना बँकेचे साहेब! कमरेची कळ मस्तकात गेली होती आणि मी फरशीवर पडल्या पडल्या दात काढत होतो. अब्बांची नजर मग माझ्या टोपऱ्यावर गेली. तिथून खाली गाऊनवर. मग खुळखुळ्यावर, तो मी पडतानाही सोडला नव्हता. ते थांबले. आणि वऱ्हाडीत म्हणाले, "हे काय घालून राह्यला बे?"

मग ते हसायला लागले. दातांचा पत्ता नसलेलं ते तोंड उघडलं आणि आवाजच निघेना, खांदे तेवढे हलत होते, मग खोकला, मग पुन्हा हसू. शमीम हसत होती, कुंपण हसत होतं, फोनमधली रोहिणी हसता हसता रडत होती. मला उचलायची कोणाला शुद्ध नव्हती.

मला खाटेवर निजवलं. तीच खाट, ओलीच. वैद्यानं सांगितलं, हाड साबूत आहे, पण आठवडाभर उठायचं नाही. आणि भर नवरात्रात दुकानाचं काय? अब्बा माझ्या उशाशी आले आणि हात पुढे केला.  मी हिऱ्याच्या कुलपाची किल्ली दिली.

तेव्हा आमचा तह ठरला. काच मोडताना हात चिरतो, रेघ ओढताना नाही. हे मला आधी का सुचलं नाही, विचारू नका. रेघ अब्बा ओढणार, मोडणार दुसरा कोणी. मी उठेपर्यंत मोडायला समोरचा कापडवाला यायचा, नंतर मी. रोज संध्याकाळी अब्बा घरी आले की माझ्या कमरेला तेल लावायचे, आणि दुकानात मी काय काय चुकीचं ठेवलंय ते सगळं सांगायचे. थेट मला. एवढी बोलणी मी लहानपणीसुद्धा खाल्ली नव्हती, आणि एकदाही उलटून बोललो नाही.

त्या चित्राची फ्रेम अब्बांनीच केली. रोहिणीनं सांगितल्याप्रमाणे, न चिकटवता, न कापता, काच न टेकवता. जर मात्र लावलीच, पण चित्राला नाही, आतल्या पट्टीला.

दिवाळीत रोहिणी आली. आम्हा दोघांना तिनं गाडी पाठवून घरी नेलं. शांताबाईंच्या बैठकीत चारही चित्रं ओळीनं लागलेली. तीन साधी, आणि चौथ्यातला बुढा सकाळच्या उन्हात असा चमकत होता की दारातून आत येणारा आधी त्यालाच राम राम करायचा. रोहिणीनं अब्बांना चित्रासमोर खुर्ची दिली आणि म्हणाली, "आजोबा, खरं सांगते, आधी मला फार राग आला होता. आता तिकडच्या मैत्रिणींना हेच चित्र दाखवते. पाहा ना, त्याचे वडील मागे कसे हसतायत."

अब्बांनी चष्मा लावला, वर भिंग धरलं. बराच वेळ पाहिलं.

"हासून नाई राह्यला तो," ते म्हणाले.

"कोण?"

"बाप. तोंड पाह्य त्याचं. आन हात पाह्य, कसा पुढं केला. घाबरून राह्यला तो, माय. पोट्टं पडलं न त्याचं."

आम्ही सगळे पुढे वाकून पाहायला लागलो. म्हाताऱ्याचा हात खरंच पुढे आला होता, अर्धा उठलेला, जसा त्या दिवशी अब्बांचा खाटेवरून आला होता. एवढे दिवस ते चित्र माझ्या टेबलावर होतं, मला फक्त नाचणारा दिसला होता. शांताबाईंनी रोहिणीचा हात धरला तो मग चहा होईपर्यंत सोडलाच नाही.

परत येताना गाडीत अब्बा खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला जरा धास्ती वाटली. राजूरचा कोळशाचा रस्ता संपला आणि वणी दिसायला लागली तेव्हा ते माझ्याकडे वळले.

"हबीब."

"हां, अब्बा."

"बकेट अर्धी भरत जाय."

आता मी अर्धीच भरतो.